समुद्राला साबण

“वहिनी, तुमच्या टाकीला गंज चढलाय का हो?”

हळदीकुंकवाला आलेल्या समोरच्या फ्लॅटमधल्या मैत्रिणीनं अगदी सहज विचारलं आणि माझ्या हातातलं वाणाचं ताट तसंच अधांतरी राहिलं. हॉलमध्ये पंधरा-वीस बायका, नव्या साड्यांची सळसळ, तिळगुळाचा वास, आणि सगळ्यांचे डोळे भिंतीलगतच्या त्या तीन फुटी काचेच्या टाकीकडे. आत पांढरीशुभ्र वाळू होती म्हणे कधीकाळी. आता तिच्यावर कोकोची पूड भुरभुरावी तसा तपकिरी थर. दगड तपकिरी, काच तपकिरी, पंपाची नळी तपकिरी. त्या सगळ्यातून दोन नारिंगी-पांढरे मासे आपले मजेत फिरत होते. लाज वाटत होती ती फक्त मला.

“गंज नाही, शेवाळ आहे,” मी म्हटलं.

“अगंबाई, मग घासून टाका की!”

मैत्रिणींनो, तेच तर मी केलं. आणि ते करू नये, एवढंच सांगायला आज लिहायला बसले आहे.

पण आधी ही टाकी आमच्या घरात आली कशी, ते सांगायला हवं. गेल्या ऑगस्टमध्ये ह्यांच्या कंपनीनं इथला विभाग बंद केला. सत्तावीस वर्षं क्वालिटी विभागात काढलेला माणूस एका शुक्रवारी डबा, बूट आणि टेबलावरचा गणपती पिशवीत घालून घरी आला. हिशेबाचे पैसे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकोणपन्नासाव्या वर्षी सोमवारी सकाळी कुठं जायचं, याचं उत्तर त्या पाकिटात नव्हतं. सकाळचा पेपर अकरा वाजेपर्यंत पुरायचा, मग बाल्कनीतली खुर्ची. लेक शिकायला नागपूरला. मी आठवड्यातून तीन दुपारी वस्तीतल्या सल्ला केंद्रात जाते. निघताना पाहावं तर हे खुर्चीत, परत यावं तरी खुर्चीतच. सासूबाई जपाची माळ ओढत लेकाकडं बघत बसायच्या. कोणी काही बोलत नव्हतं.

दिवाळी झाली आणि एके दिवशी चहा घेताना हे म्हणाले, “मी खाऱ्या पाण्याची टाकी करणार आहे. समुद्री माशांची.”

खर्च ऐकून माझा चहा गार झाला. टाकी, दिवा, फिल्टर, पंप, पाणी शुद्ध करायचं यंत्र, मीठ, सगळं मिळून चाळीस हजार. पगार बंद, लेकीच्या हॉस्टेलची फी तोंडावर, आणि ह्यांना पुण्यात समुद्र हवा! मी खूप काही बोलणार होते. पण तीन महिन्यांनी ह्या माणसानं ‘मी करणार आहे’ असं वाक्य उच्चारलं होतं. गिळलं सगळं.

दीडशे लिटरची टाकी आली. साधं मीठ चालत नाही, समुद्री मत्स्यालयाचं खास मीठ लागतं. लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम, म्हणजे आमच्या टाकीला पाच किलोच्या वर. खारटपणा मोजायला दुर्बिणीसारखं एक छोटं यंत्र, रिफ्रॅक्टोमीटर. त्यात १.०२५ हा आकडा आला पाहिजे. आणि एवढं सगळं झाल्यावर मासे? छे! ह्यांनी आत टाकल्या दोन सोललेल्या कोलंब्या. कुजवायला!

सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. “कोलंबी खावची सोडून कुजवतत?” म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. हॉलमध्ये चार दिवस जो काही वास दरवळला, तो मी इथं लिहीत नाही.

त्यामागचं कारण मात्र ह्यांनी मला नीट समजावलं, आणि ते ऐकण्यासारखं आहे. मासा पाण्यात घाण करतो, त्यातून अमोनिया तयार होतो. तो माशाला विष. निसर्गात काही जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, पण नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते दगडांवर, वाळूत, फिल्टरमधल्या सिरॅमिकच्या रिंगांवर हळूहळू वस्ती करतात. त्यांना खायला आधी अमोनिया द्यावा लागतो, म्हणून ती कोलंबी. चार ते सहा आठवडे ही वस्ती बसेपर्यंत मासा आणायचा नाही.

ह्यांनी एक वही केली. तारीख, तापमान, खारटपणा, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. रोज सकाळी परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी ताडून बघायचा. कंपनीत सत्तावीस वर्षं हेच तर केलं होतं! पेपर आता आठलाच संपू लागला. मी ओट्यापाशी उभी राहून ती खाली वाकलेली मान बघायची आणि मनात म्हणायची, चाळीस हजार वसूल.

चौथ्या आठवड्यात वाळूवर पहिले तपकिरी ठिपके दिसले. डिसेंबरच्या शेवटी आकडे जुळले, दोन क्लाऊनफिश आले. ‘फाइंडिंग नीमो’ हा २००३ सालचा सिनेमा आपल्या मुलांनी पारायणं करून पाहिलाय ना, त्यातला तो नीमो. पण मासे आले तसा तपकिरी थरही वाढतच गेला आणि संक्रांतीपर्यंत टाकीची अवस्था मी वर सांगितली तशी झाली. हे म्हणायचे, “अगं, नव्या टाकीत येतंच. जाईल आपोआप.” मला ते पटेना. आपोआप जाणारी घाण मी तरी माझ्या वीस-बावीस वर्षांच्या संसारात पाहिलेली नाही.

हळदीकुंकवानंतरच्या शनिवारी हे पुतण्याच्या साखरपुड्याला नाशिकला गेले. मी पदर खोचला.

दगड बाहेर काढले, मोरीत नेऊन काथ्यानं खसाखसा घासले. फिल्टर उघडला. त्यातल्या रिंगांवर चॉकलेटी गाळ होता. त्या नळाखाली धरून जुन्या टूथब्रशनं एक एक पांढरी केली. स्पंज गरम पाण्यातून काढला. वाळू ढवळून निम्मं पाणी उपसलं आणि नळाच्या पाण्यात ह्यांच्याच पिशवीतलं मीठ कालवून टाकी भरली. मासे एका कोपऱ्यात गोळा होऊन बघत होते.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “समुद्राक साबण लावतंस काय गो?”

“साबण नाही हो लावला आई, तेवढी अक्कल आहे मला!”

संध्याकाळी टाकी अशी लखलखली म्हणून सांगू! मी फोटो काढून लेकीला पाठवला.

रविवारी रात्री हे आले. बॅग खाली ठेवली, टाकीकडं पाहिलं. मी कौतुकाची वाट बघत उभी. ह्यांनी एवढंच विचारलं, “रिंगा धुतल्यास?”

त्या रात्री ह्यांनी परीक्षानळी दिव्याखाली धरली. अमोनियाच्या नळीत पिवळा रंग यायला हवा, तिथं हिरवा आला होता. म्हणजे मी ज्याला गाळ म्हणून घासून काढलं, तीच ती पाच-सहा आठवड्यांत बसवलेली वस्ती. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असतं. त्यानं उरलेसुरले जिवाणूही गेले. हे दोन वाजेपर्यंत शुद्ध पाण्यात मीठ कालवत बसले, थोडं थोडं पाणी बदलत राहिले. मंगळवारी सकाळी दोघांमधला मोठा मासा वाळूवर आडवा पडला होता.

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. ह्यांनी मासा कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला, हात धुतले आणि बाल्कनीतल्या त्या खुर्चीत जाऊन बसले. वही दोन दिवस उघडली नाही.

त्याच आठवड्यात सल्ला केंद्रात एक बाई आली होती. तिच्या नवऱ्याचंही काम सुटलेलं. तो घरी असतो, मदत म्हणून भांडी घासतो, पण तेलकट ठेवतो. मग ही पुन्हा सगळी घासते, मग भांडण. मी अगदी शहाण्यासारखं सांगितलं, “त्यानं घासलेली भांडी पुन्हा घासू नका. तेलकट राहिली तर राहू देत चार दिवस.” ती मान डोलावून गेली. माझ्या मात्र डोळ्यांपुढं त्या पांढऱ्या रिंगा आल्या. ह्यांच्या हातात सहा महिन्यांत एकच काम आलं होतं आणि ते मी ‘स्वच्छ’ करून ठेवलं होतं.

घरी आले. ह्यांच्या शेजारी मोडा ओढून बसले आणि म्हटलं, “चुकलं माझं. आता मला शिकवा.”

आणि मग मी शिकले. ते शेवाळ काय प्रकार आहे, हेच मुळात मला माहीत नव्हतं. टाकी पाळणारे त्याला तपकिरी शेवाळ म्हणतात खरं, पण समुद्रात खडकांना चिकटून वाढणारं खरं तपकिरी शेवाळ निराळं. आपल्या टाकीतले हे डायटम. एकपेशीय जीव, डोळ्यांना एकेकटे दिसतही नाहीत. त्यांचं कवच चक्क काचेच्या जातीचं, सिलिकाचं असतं, आणि कुंकवाच्या करंड्यासारखं दोन भागांचं, एकावर एक झाकण बसल्यासारखं. नव्या वाळूतून, नव्या दगडांतून आणि सगळ्यात जास्त आपल्या पाण्यातून सिलिका आली की ह्यांची चंगळ. आपलं पुणं बसलंय काळ्या बेसॉल्ट खडकावर; त्यातून झिरपलेल्या बोअरच्या, टँकरच्या पाण्यात विरघळलेली सिलिका असतेच. म्हणजे मी घासूनपुसून जे नळाचं पाणी ओतलं, ते डायटमला पंचपक्वान्नाचं ताटच होतं! आठ दिवसांत थर परत आला, पहिल्यापेक्षा दाट.

याच डायटमचा समुद्रातला पसारा ऐकाल तर थक्क व्हाल. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूचा साधारण पाचवा हिस्सा यांच्याकडून येतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची तारली मोठ्या प्रमाणात यांच्यावरच पोसते. हे कळल्यावर सासूबाईंनी टाकीकडं जरा आदरानं पाहिलं. “म्हणजे तारल्यांचा जेवाण मां ता!” आल्फ्रेड नोबेलनं १८६७ साली ज्या डायनामाइटचं पेटंट घेतलं, त्यात नायट्रोग्लिसरीन जिरवायला वापरलेली माती म्हणजेही जुन्या काळच्या डायटमच्या कवचांचे साठे. आणि मी निघाले होते टूथब्रश घेऊन.

आता आम्ही काय केलं ते सांगते, कुणाच्या घरी असा समुद्र असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे पाणी. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी शुद्धच असणार असं मला वाटायचं. पण पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून अशा बऱ्याच यंत्रांत थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळण्याची सोय असते. त्यामुळं त्यात क्षार राहतात. टाकीसाठी आरओनंतर डीआय नावाचा राळेच्या मण्यांचा आणखी एक टप्पा लागतो. टीडीएस मीटर शून्य दाखवेल तेच पाणी घ्यायचं. यात बरंच पाणी वाया जातं, हे मला खुपायचं. आता ते बादलीत धरून फरशी पुसायला, मोरी धुवायला वापरते. उन्हानं आटलेलं पाणी भरतानाही हेच शुद्ध गोडं पाणी घालायचं, खारं नाही; कारण वाफ पाण्याची होते, मीठ टाकीतच राहतं. ही गोष्ट आमटी आटवणाऱ्या कुठल्याही बाईला चटकन कळेल.

दुसरं, दिवा. हौसेनं दहा-दहा तास लावायचो, तो सहा-सात तासांवर आणला. खाणं अगदी चिमूटभर, मिनिटा-दोन मिनिटांत संपेल एवढंच.

तिसरं, साफसफाई. करायची, पण हात राखून. आठवड्यातून एकदा समोरची काच पुसायची, वाळूचा वरचा थर नळीनं हलकेच ओढून घ्यायचा आणि दहा-पंधरा टक्के पाणी बदलायचं. फिल्टरचा स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या त्याच खाऱ्या पाण्यात. रिंगांना हात लावायचा नाही. हा नियम ह्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलाय, नाव न घेता!

चौथं, औषध नाही. शेवाळ मारणारी बाटली आणायचा मोह मला झाला होता. पण अशा काही औषधांत तांबं असतं आणि ते कोळंबी, गोगलगायीसारख्या जीवांना मारतं. टाकी जुनी झाल्यावरही थर हटत नसेल तर सिलिका आणि फॉस्फेट शोषून घेणारी लोहाची भुकटी फिल्टरमध्ये ठेवता येते. आम्हाला ती लागली नाही.

आणि एक ओळख. बोटानं पुसल्यावर पिठासारखा सहज उडाला तर तो डायटम. लालसर-जांभळी साय गोधडीसारखी अखंड निघाली तर तो सायनोबॅक्टेरिया. शेंबडासारखे धागे आणि त्यात बुडबुडे अडकलेले दिसले तर डायनोफ्लॅजेलेट, आणि ते मात्र चिवट. तिन्हींचा रंग बघून फसायला होतं, म्हणून बोट लावून बघायचं.

शेवाळ फस्त करायला गोगलगायी आणा, असं दुकानदार सुचवतात. छोट्या गोगलगायी हे काम करतातही. पण थोडं जपून. आपल्याकडं २००१ पासून कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि काही समुद्री शंखही संरक्षित आहेत. समुद्रातून तोडून आणलेला प्रवाळाचा दगड कुणी ‘नैसर्गिक’ म्हणून विकत असेल तर तो घ्यायचा नाही. आमचे दगड कोरडे, बनवलेले. त्यामुळं टाकी बसायला वेळ जास्त लागतो, पण मनाला टोचणी नाही. मासेही पैदास केलेलेच घ्यायचे. क्लाऊनफिश टाकीत वाढवता येतात.

एवढं केलं, तरी शेवाळ लगेच गेलं का? नाही. जिवाणूंची वस्ती पुन्हा बसेपर्यंत महिना गेला. तोवर उरलेल्या एकट्या माशासाठी आम्ही दिवसाआड पाणी बदलत होतो. ह्यांनी पाणी कालवायचं, मी बादली धरायची. सुरुवातीला आम्ही दोघंही गप्पच असायचो. मग “जरा वर धर”, “सांडलं ना”, असं करत बोलणं सुरू झालं. एका रविवारी पाणी ओतता ओतता हे एकदम म्हणाले, “शेवटच्या दिवशी गेटवरच्या वॉचमननं मला सलाम केला. उद्यापासून मी येणार नाही, हे त्याला माहीतच नव्हतं. मी पण नाही सांगितलं.” सहा महिन्यांत हे पहिल्यांदाच त्या दिवसाबद्दल बोलले. मी बादली खाली ठेवली नाही. तशीच धरून उभी राहिले.

होळीच्या सुमारास वाळूच्या कडेचा पट्टा पांढरा दिसायला लागला. वाटलं, भास असेल. पाडव्याला गुढी उभारून आत आले तर निम्मी वाळू स्वच्छ. सिलिका संपत आली तशी डायटमची उपासमार झाली. त्यांच्या जागी दगडांवर हिरवी लव उगवू लागली आहे. “आता हे काय नवीन?” मी धास्तावून विचारलं. हे हसले. “हिरवं आलं म्हणजे टाकी मार्गाला लागली.”

मे महिन्यात दुसरा मासा आणला, पहिल्यापेक्षा लहान. तेव्हा एक गंमत कळली. क्लाऊनफिश जन्मतात ते सगळे नर. जोडीतला मोठा, वरचढ मासा मादी होतो. आमची गेली ती बहुधा मादी असावी, कारण ती मोठी होती. आता मागं उरलेला नर वरच्या जागेवर आला, म्हणजे यथावकाश तोच मादी होणार. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “घर चलवची वेळ इली की बाईच होवचा लागता.”

ह्यांना पूर्वीसारखी नोकरी अजून मिळालेली नाही. एका छोट्या कारखान्यात आठवड्याचे तीन दिवस तपासणीचं काम बघतात. पैसे निम्म्याहून कमी. बाकीचे दिवस घरी असतात, भाजी निवडतात, कधी कुकर लावतात. शिट्ट्या जास्त होतात, भात मऊ होतो. मी काही बोलत नाही.

परवा समोरची मैत्रीण वाटीभर साखर मागायला आली होती. टाकीपुढं थबकली. “अय्या, किती स्वच्छ झाली! काय लावलंत?”

“काही नाही,” मी म्हटलं, “हात लावायचा थांबवला.”

तिला वाटलं, मी सांगायचं टाळतेय. साखर घेऊन जरा फुरंगटूनच गेली. चला, उद्या रविवार आहे, बादली धरायची आहे.